सर मोटर बंद करायला विसरतात

शाळेत विज्ञान म्हणजे आपण आणि आपण म्हणजे विज्ञान, याबद्दल सरांच्या मनात अठरा वर्षांत कधी शंका आली नव्हती. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असे. आतली भिंगं, परीक्षानळ्या, तराजू हे सगळं त्यांनी इतकं जपून ठेवलं होतं की एकाही मुलाचा हात आजवर त्याला लागला नव्हता. त्यामुळे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवायच्या आणि त्या विकायलाही शिकायचं अशी तीन दिवसांची कार्यशाळा शाळेत होणार आहे, त्यासाठी गावातलाच एक जाणकार माणूस मार्गदर्शक म्हणून लागेल, असं पत्र आलं, तेव्हा सरांनी ते पूर्ण वाचलंसुद्धा नाही. 'जाणकार'पर्यंत वाचलं आणि शर्ट इस्त्रीला काढला.

"भाषण किती मिनिटांचं ठेवू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्हाला बोलावलंय का?"

"बोलवायचं काय त्यात? गावात दुसरं आहे कोण?"

दुसरं कोण आहे ते सोमवारी सकाळी कळलं. कार्यशाळेच्या ताई आल्या, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि सरांनी मांडून ठेवलेल्या खुर्चीवर न बसता मुलांबरोबर जमिनीवरच बसल्या.

"तुमच्या गावात एखादी वस्तू मोडली की तुम्ही कोणाकडे जाता?"

सर खुर्चीतून अर्धे उठले.

"पक्कडमामाकडे," साठ पोरं एका सुरात म्हणाली.

सर तसेच परत बसले. शर्टाची इस्त्री मात्र मोडली.

पक्कडमामा म्हणजे सरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून हे नाव. नववीत सरांनीच त्याला विज्ञानात नापास केलं होतं. 'स्क्रू म्हणजे काय?' या प्रश्नाच्या उत्तरात त्याने पेपरला एक स्क्रू दोऱ्याने बांधून दिला होता. पुढे त्याने शाळा सोडली आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्तीचं दुकान टाकलं. सायकल, पंप, छत्री, शिवणयंत्र, जे येईल ते. सरांच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला होता.

आता तोच मेहुणा प्रयोगशाळेत मधोमध बसला होता आणि त्याच्याभोवती मुलं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटली होती. त्याने जुना पंखा उघडला, आतल्या तारा दाखवल्या, मग सगळे भाग विस्कटून मुलांना म्हणाला, "आता तुम्ही जोडा. चुकलं तर चुकू दे. पंखा काही रागावत नाही."

दुपारी ताईंनी कपाटाची किल्ली मागितली.

"घरी राहिली," सर म्हणाले. खिशातल्या किल्लीवर त्यांनी हात दाबून धरला होता.

पण बायकोकडे दुसरी किल्ली होती हे ते विसरले. सातवीतली एक मुलगी धावत जाऊन ती घेऊन आली. या मुलीला सगळे 'चौकशी' म्हणत, कारण तिचं कुठलंही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपत नसे. किल्लीबरोबर तिच्या हातात चार कप्प्यांचा गरमागरम डबा होता.

"हा माझा का?" सरांनी विचारलं.

"नाही, मामांचा. काकू म्हणाल्या, तो सकाळपासून राबतोय. सर, तुम्ही सकाळपासून काय करताय?"

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. ताईंनी मुलांच्या तुकड्या केल्या आणि त्यांना गावात पिटाळलं. लोकांना विचारायचं, तुमचं रोज कुठे अडतं? मग त्यावर उपाय शोधायचा, वस्तू बनवायची, आणि शेवटच्या दिवशी प्रदर्शनात ती घ्यायला गिऱ्हाईक मिळवायचं. चौकशीची तुकडी नेमकी सरांच्या घरी गेली. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर सगळ्यांचे तक्ते लागले. एकावर लिहिलं होतं, 'कोंबड्यांचं पाणी सांडतं.' दुसऱ्यावर, 'आजीला सुईत दोरा ओवता येत नाही.' आणि तिसऱ्यावर, ठळक लाल अक्षरांत, 'समस्या: सर मोटर बंद करायला विसरतात. टाकी वाहते. काकू चिडतात.'

त्याखाली सरांचं चित्रही होतं. चष्म्यावरून कोणीही ओळखलं असतं.

सर घरी आले ते तणतणतच. "गावभर माझी शोभा केलीस."

"मी खोटं काय सांगितलं?" बायको म्हणाली. "आणि बघा, माझा भाऊ करवून घेईल त्यांच्याकडून काहीतरी. त्याच्या हाताला गुण आहे."

'हाताला गुण आहे' हे तीन शब्द सरांनी मनात तीनदा उगाळले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्यांच्या हाताला काय आहे, याबद्दल बायको आजवर एक अक्षर बोलली नव्हती. त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. टाकीच्याच रोगावर औषध काढायचं. तेही पक्कडछाप नव्हे, शास्त्रशुद्ध, विजेवर चालणारं. उद्या प्रदर्शनाला येणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांसमोर मेहुण्याला दाखवून द्यायचं की पुस्तकं वाचलेला माणूस काय करू शकतो.

त्यांनी मोरीत बादली ठेवली, तिच्या काठाशी दोन तारा सोडल्या, त्या विजेच्या एका डबीला जोडल्या आणि डबीला एक दिवा लावला. नळ सोडला. पाणी चढत चढत तारांना लागलं आणि दिवा पेटला. सरांना धन्य धन्य वाटलं. पाणी लागलं की दिवा पेटतो. यंत्राला पाणी कळतं. आता दिव्याच्या जागी मोटर जोडली की झालं.

पाणी लागल्यावर दिवा जर पेटत असेल, तर त्याच न्यायाने मोटर बंद न होता सुरू होईल, हे चौथीतल्या पोरालाही सुचलं असतं. पण चौथीतल्या पोराला मेहुणा नसतो.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, सरांनी आपलं यंत्र शाळेच्या गच्चीवरच्या टाकीला बसवलं. जुन्या बटणाला वळसा घालून त्यांनी तार थेट मोटरपर्यंत नेली. बटण म्हणजे त्यांना मागासलेपणाचं लक्षण वाटत होतं.

टाकीला आधीच काहीतरी लावलेलं होतं. चौकशीच्या तुकडीने आदल्या रात्रीच, प्रदर्शनात दाखवायला म्हणून, टाकीच्या काठाशी एक नळी बसवली होती. पाणी तिथवर आलं की नळीतून धार पडायची ती चमच्यांच्या एका छोट्या चाकावर. चाक फिरलं की चमचे सायकलच्या घंटेवर आपटायचे. ना वीज, ना तारा. सरांनी त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं. "खेळणं आहे," ते स्वतःशी म्हणाले.

अकराला साहेब आले. सभागृह गच्च भरलं. मुलांनी आपापल्या वस्तू मांडल्या आणि आईबाप त्या उलटसुलट करून बघू लागले. पाहुण्यांच्या हातातोंडाला पाणी हवं म्हणून शिपाईकाकांनी जुन्या बटणावर मोटर लावली होती. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि पाच मिनिटांत गच्चीवर घंटा वाजायला लागली.

साहेबांना वाटलं, भाषणाची वेळ संपली. ते वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. पहिलीच्या पोरांना वाटलं, शाळा सुटली. त्यांनी दप्तरं उचलली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका हाताने साहेबांना उभं केलं, दुसऱ्याने पोरांना बसवलं आणि सरांकडे असं पाहिलं की सर आपोआपच जिन्याकडे धावले.

जिन्याच्या तोंडाशी शिपाईकाका भेटले. "मी घंटा ऐकल्याबरोबर बटण बंद केलं, सर. तरी वाजतेच आहे."

हे ऐकून सरांना जो आनंद झाला तो लपवणं त्यांना जड गेलं. मोटर बंद, तरी घंटा चालू. म्हणजे मेहुण्याची घंटा बिघडलेली. एका दिवसातच बिघडली. गच्चीवर जाऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला, चाकाला घट्ट गुंडाळला, वर गाठ मारली. घंटा गप्प झाली. टाकीत डोकावून बघावं असं त्यांना वाटलं नाही. डोकावले असते तर पाणी त्यांच्या यंत्राच्या तारांना कधीच भिडलेलं दिसलं असतं. बटण बंद होतं, पण मोटर आता सरांच्या यंत्रावर सुसाट चालली होती, आणि मोटर शाळेमागच्या विहिरीवर असल्यामुळे तिचा आवाज कोणालाच येत नव्हता.

खाली येऊन सर ताईंच्या शेजारी उभे राहिले. "बिघडली होती," ते हळूच म्हणाले. "मुलांचंच काम ते. शास्त्रीय पाया नको का?"

ताईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. सरांना बरं वाटलं.

साहेब पुन्हा रंगात आले होते. "मुलांच्या मनातला कल्पनांचा झरा," ते म्हणत होते, "असा मुक्तपणे वाहू द्या."

गच्चीच्या पन्हळीत कधीचा एक चेंडू अडकलेला होता. पाण्याला दुसरी वाट नव्हती. ते जिन्याने, पायरी पायरीने, अगदी शिस्तीत खाली उतरलं आणि व्यासपीठाच्या मागून आत आलं. आधी साहेबांचे बूट भिजले. मग भिंतीला टेकवलेले तक्ते सुटून तरंगू लागले. कोंबड्यांचा तक्ता पुढे, त्यामागे सरांचा चष्मेवाला. आया पोरांना कडेवर घेऊन बाकांवर चढल्या.

"बटण बंद करा," सर ओरडले.

"बंदच आहे," शिपाईकाका म्हणाले.

"मग चालू करून बंद करा."

काकांनी चालू करून बंद केलं. पाणी तसंच. पुन्हा केलं. तसंच. तेवढ्यात पक्कडमामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून आला.

"सर, तार कुठून घेतलीय तुम्ही?" त्याने हळू आवाजात विचारलं. शाळेत तो त्यांना दाजी म्हणत नसे.

खोटं बोलावं असं सरांच्या जिभेवर आलं होतं. पण पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

"थेट," ते म्हणाले.

पक्कडमामाने फ्यूज उपसला. मग तो गच्चीवर गेला. सर खालून बघत राहिले. तो टाकीवर वाकला, थोडा वेळ थांबला, आणि काहीतरी खिशात कोंबून खाली आला. निळ्या काठाचा रुमाल. काठ बायकोने स्वतः शिवला होता. भावाने तो न ओळखणं शक्यच नव्हतं.

"घंटा नाही का वाजली?" साहेब बुटातलं पाणी ओतत विचारत होते. "वाजून मध्येच बंद का पडली?"

सगळं सभागृह पक्कडमामाकडे बघू लागलं. सरांनी चष्मा पुसायला खिशात हात घातला. तिथे रुमाल नव्हता.

"चाकात काहीतरी अडकलं होतं," पक्कडमामा म्हणाला. "मुलांनी बनवलेलं यंत्र बरोबर होतं. वेळेवर वाजलं."

बस्स, एवढंच. ते ऐकून सरांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण पाठोपाठ असं वाटलं, की हा माणूस चांगुलपणातही आपल्या पुढे गेला. पंखा जोडण्यात गेला असता तर एक वेळ सोसलं असतं.

घंटेला गिऱ्हाईक मिळवायची गरजच उरली नाही. भिजलेल्या गावाने उभ्या उभ्या तेवीस घंटा सांगून ठेवल्या. ताईंनी समारोपात सरांचे खास आभार मानले. "समस्या एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी करून दाखवत नाही," त्या म्हणाल्या. त्या खरंच बोलल्या की चिमटा काढला, हे सरांना आजतागायत कळलेलं नाही.

रविवारी चौकशी सरांच्या घरी घंटा बसवायला आली. बायकोने पहिला नंबर लावला होता. सरांनी शिडी धरली, त्याहून जास्त काम त्यांना कोणी सांगितलं नाही. घंटा बसली, मोटर सुरू केली, आणि चौकशीने एक कागद पुढे केला. 'ग्राहकाचं मत.'

सरांनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं, 'ठीक आहे.'

"कारण लिहायचं असतं, सर. ठीक का आहे?"

"अगं, ठीक म्हणजे ठीक."

"म्हणजे चांगलं नाही? की चांगलं आहे, पण तुम्हाला लिहायचं नाही?"

सर उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात वर घंटा वाजली. सर पेन टाकून ताडकन उठले, चप्पलसुद्धा न घालता धावले आणि मोटर बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता.

परत आले तेव्हा कागद भरलेला होता. त्यांच्या 'ठीक आहे'च्या पुढे चौकशीने गोल अक्षरात लिहिलं होतं, 'घंटा वाजताच ग्राहक अनवाणी पळाला.'

"खाली सही करा, सर," ती म्हणाली. "नाव वाचता येईल अशी."