डेटा येईपर्यंत पाऊस नाही

नानूभियांच्या टकलावरून पाणी ओघळत होतं, बनियन अंगाला चिकटलं होतं, आणि गॅलरीत उभे राहून ते मला सांगत होते, "छे हो वहिनी, देवासात आज पाऊस नाहीये."

"मग हे काय पडतंय? अभिषेक?"

"असेल. पण डेटा कुठे आलाय? डेटा आला नाही, तोवर काही झालं नाही."

असे आमचे शेजारी. नाव नारायण, पण दूधवाल्यापासून सगळी गल्ली नानूभियाच म्हणते. वीज खात्यातून रिटायर झाले, लग्न केलं नाही, आणि लोक टेकडीवर देवीला जायला लागतात त्या वयात यांनी कंप्यूटर घेतला. कोणी शिकवलं नाही, आपले आपणच चुकतमाकत शिकले. परदेशात कुठेतरी मोठाले सर्व्हर आहेत म्हणे. उपग्रहांनी पाहिलेलं आभाळ आणि हवेचे अंदाज तिथे साठवलेले असतात, ज्याला हवं त्याने न्यावं. नानूभिया ते इथे बसून ओढून आणतात आणि एका सॉफ्टवेअरात घालून रंगीत चित्रं काढतात. वारा म्हणजे बाण, पाऊस निळा, फार पाऊस जांभळा. एकदा तर मला ढग मधोमध कापून आतून दाखवला. मी म्हटलं, "अगदी फणसासारखा चिरलात हो!" आठवडाभर खूश होते.

पण तो ओढून आणायचा सोहळा! सगळ्या पृथ्वीचं आभाळ मागवलं तर आमचं नेट जागीच बसेल, म्हणून नकाशावर एक चौकट आखायची. सर्व्हर तेवढाच तुकडा धाडतो. नेट दोन्ही घरांत मिळून एकच, त्यामुळे तुकडा यायला लागला की भिंतीपलीकडून हाक, "वहिनी, सिरियल बंद करा, ढग अडकलाय!" मी बिचारी हिरॉइनला बोहल्यावर सोडून उठायची. सर्व्हरने उत्तर नाही दिलं तर म्हणायचे, "रुसलाय. जरा थांबून परत दार वाजवू."

परक्या मशीनची एवढी मनधरणी करणारा हा माणूस सख्ख्या बहिणीशी मात्र बोलत नव्हता.

ती अक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच नानूभियांना वाढवलं. धरमपुरीला नर्मदेकाठी एकटी राहते आणि रोज संध्याकाळी नावेने पलीकडच्या देवळात दिवा लावायला जाते. मेहुणे गेल्यावर हे म्हणाले, "अक्का, देवासला चल, या वयात नाव-बिव पुरे." ती म्हणाली, "नर्मदामाई सोडून तुझ्या डबड्यासमोर बसू?" हे म्हणाले, "मग मी परत इथे येणार नाही." झालं! मी कधी विषय काढला की एकदम हिंदीत शिरायचे, "वहिनी, चाय पियेंगी?"

तर त्या वैशाखात आम्ही बायकांनी कुरडयांसाठी गहू भिजवले. चीक शिजवायच्या सकाळी टेकडीमागे जरासं काळं दिसलं. चीक तयार झाला की तो काही आपल्यासाठी थांबत नाही, त्याला ऊन पाहिजेच. मीच विचारायला गेले. नानूभियांनी ऐटीत ताजा नकाशा उघडला आणि चेहराच उतरला त्यांचा.

"दुपारनंतर वादळ आहे. जांभळं, वहिनी, जांभळं! गच्चीवर एक कुरडई घालू नका."

घातल्या मग घरात. दिवाणावर, पलंगावर, टीव्हीच्या टेबलावर. यजमान पेपर घेऊन जिन्यात बसले. आणि बाहेर? असं ऊन पडलं की कावळेसुद्धा सावली धरून बसले! पंख्याखाली कुरडयांना घाम फुटला. समोरच्या गेंदाबाईने खिडकीतून विचारलंच, "भिया, थारो बादल कठे गयो? नरबदा न्हावा?" म्हणजे ढग नर्मदेत आंघोळीला गेला का!

पाचच्या सुमारास मी एक आंबूस कुरडई ताटलीत घेऊन तरातरा भांडायला गेले. "घ्या, तुमचं जांभळं वादळ! तळून देऊ?"

नानूभिया पडद्याकडे बघत होते. मीही बघितलं. इतकी वर्षं ते नकाशे बघून देवास कुठे असतं एवढं मलाही कळायला लागलंय. चौकटीत देवास नव्हतंच. मधून एक जाड नदी गेलेली, आणि तिच्यावर तो जांभळा गोळा.

"सकाळी आधी तिथलं बघतो," ते खालमानेने म्हणाले. "रोजच. मग चौकट सरकवून इथलं. आज सरकवायची राहिली."

माझी ताटली हातातच राहिली. "म्हणजे वादळ अक्कांच्या डोक्यावर? आणि त्या आता नावेत बसणार? अहो, फोन करा की!"

"मी म्हटलं होतं..."

"येणार नाही म्हटलं होतंत. बोलणार नाही असं कुठे म्हटलं होतंत?"

मीच त्यांच्या मोबाइलवरून फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ठेवला त्यांच्यासमोर. पलीकडून "कोण?" असं आलं. नानूभियांनी घसा खाकरला आणि काय बोलावं या माणसाने?

"धरमपुरी व आसपासच्या भागात वादळी वाऱ्यासह..."

"नान्या?"

हे एकदम लहान आवाजात, "अक्का, आज नावेत बसू नको."

"घाटाच्या पायरीवरच होते रे. बरं, फिरते माघारी." थोडा वेळ नुसती तिची धाप ऐकू येत होती, मग दार लावल्याचा आवाज. "तुझ्या त्या डबड्यात मी दिसते का?"

"नाही गं. नुसता ढग दिसतो."

"मग रोज काय बघतोस, वेड्या?"

इतक्यात फोनमधून तडतड ऐकू आली. अक्काच्या पत्र्यावर पाऊस उतरला होता. मी सवयीने पडद्याकडे पाहिलं. तिथे सर्व्हर रुसलेला, काहीच येत नव्हतं. नानूभियांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फोनला कान लावून, डोळे मिटून बसले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "पाऊस पडतोय."

खिडकीबाहेर देवासात लख्ख ऊन होतं.