दोन वेळचा शेक

रामकिसनचं वजन हा त्याच्या घरातला प्रश्न नव्हता. तो त्याच्या मेहुण्याच्या, सांडूच्या घरातला प्रश्न होता. सांडूने नुकतंच वेलनेस सेंटर उघडलं होतं आणि लोकांना दाखवायला त्याला एक जाडा माणूस हवा होता. रविवारी तो चिकलठाण्याला बहिणीच्या घरी आला, पावडरीचा हा एवढा प्लास्टिकचा डबा टेबलावर ठेवला आणि खाटीक बोकडाकडे बघतो तसा, म्हणजे अतिशय प्रेमाने, रामकिसनकडे बघू लागला.

“दाजी, जेवण बंद. सकाळी एक शेक, संध्याकाळी एक शेक. वजन असं उतरंल का ताईला तुमी वळखू येणार नाय.”

“अन् यांच्या इन्सुलिनचं काय?” बहिणीने, मनकर्णाबाईंनी विचारलं.

रामकिसनला शुगर होती. गोळीवर भागणारी नव्हे, तर तरुणपणापासूनची, रोज पोटात सुई टोचायला लावणारी. मनकर्णाबाईंना लग्नापासून एवढं पाठ होतं की सुई टोचली की ताट समोर पाहिजे. ताटाला उशीर झाला की नवरा आधी घामाघूम व्हायचा, मग चिडायचा, मग भलतंच बोलायला लागायचा. त्याच्या पुढचं त्यांनी कधी होऊ दिलं नव्हतं.

“इन्सुलिन चालू राहू द्या की. त्यात काय?” सांडू म्हणाला. याआधी तो मोबाइलची कव्हरं विकायचा. आरोग्य हा विषय त्याला नवा होता, आत्मविश्वास मात्र जुनाच होता.

“आधी डॉक्टरला इचारा,” मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

रामकिसनने फोन स्पीकरवर लावला. पलीकडे दवाखान्यात दोन-तीन लेकरं एकाच वेळी रडत होती.

“डॉक्टरसाहेब, मी रामकिसन. इन्सुलिनवाला. शेक घेऊ का मी?”

“कशासाठी?”

“वजन वाढलंय. गुडघे लई दुखायलेत.”

“मग घ्या की. सकाळ-संध्याकाळ घ्या. फक्त फार गरम नको. शुगरवाल्यांना चटका लवकर कळत नाही.”

“गार घेतला तर?”

“गारही चालतो.”

“अन् इन्सुलिन?”

“ते नेहमीसारखंच. त्याचा याच्याशी काय संबंध?”

फोन बंद झाला. सांडूने कोर्टात जिंकल्यासारखं बहिणीकडे पाहिलं.

त्या पावडरीत एका भाकरीचंही बळ नव्हतं. इन्सुलिन मात्र पूर्वीसारखंच भरल्या ताटाच्या हिशोबाने आत जात होतं, आत जाऊन भाकरी शोधत होतं, आणि ती काही त्याला सापडत नव्हती. रामकिसनचे हात थरथरू लागले. “चरबी हालायली,” सांडू म्हणाला. घामाने बनियन भिजू लागला. “इष बाहेर पडायलंय.” रामकिसन कंपनीत साहेबावर खेकसला. “बघा, ताकद आली!” सांडूकडे प्रत्येक लक्षणासाठी आनंदाची बातमी तयार असे. मनकर्णाबाईंनी मात्र पर्समध्ये साखरेची पुडी टाकून ठेवली.

वजन खरंच उतरलं. सांडूने सेंटरवर कार्यक्रम ठेवला. रामकिसन घरून सुई टोचून निघाला, कारण तिथे गेल्या गेल्या शेक मिळणार होता. पण आधी स्वागत झालं, मग सांडूचं भाषण झालं, आणि भाषण आरोग्याविषयी असल्यामुळे ते संपेना. शेवटी रामकिसनच्या हातात माइक आला.

“नमस्कार,” तो म्हणाला. मग पहिल्या रांगेतल्या मनकर्णाबाईंकडे बोट दाखवून त्याने अदबीने विचारलं, “या बाई कोण?”

हॉल हसला. सांडू ओरडला, “बघा! माणूस हलका झाला का बायको पण नवी दिसती!”

टाळ्या पडल्या. रामकिसनने माइकलाच सिल्लोडची गाडी किती वाजता आहे ते विचारलं, उत्तराची वाट पाहिली आणि हळूच खाली बसला. टाळ्या आणखी वाढल्या.

मनकर्णाबाई धावल्या. त्यांनी पुडी सोडली तसा सगळा हॉल एकदम डॉक्टर झाला.

“अवो बाई, शुगर हाय त्यांना! साखर काय देता?”

“नवऱ्याला मारायली ही!”

“व्हिडिओ काढा रे!”

दोन बायकांनी त्यांचे दंड धरले. सांडूने मनगट धरलं. “ताई, दाजी डायटवर हायेत!”

रामकिसनचा रंग राखेसारखा झाला होता. डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागे कोणी असल्यासारखं वाटत नव्हतं.

“सांड्या, हात सोड,” मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. “नायतर आज दोघांचं सुतक पाळीन मी.”

सांडूने हात सोडला. त्यांनी चिमूट चिमूट साखर रामकिसनच्या गालाच्या आत चोळली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याची जीभ हलली. हॉलने पुन्हा टाळ्या वाजवल्या. आता कशासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात रात्रभर सलाइन चाललं. सकाळी डॉक्टर संतापले. “इन्सुलिन घेऊन जेवायचं नाही, हे कोणी सांगितलं? अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं सगळं.”

“तुमीच म्हणाले, शेक घ्या,” रामकिसन म्हणाला.

“अहो, गुडघ्यांना! गरम पाण्याच्या पिशवीचा!”

डॉक्टरांनी केसपेपर ओढून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘जेवण’ असं लिहिलं. मग म्हणाले, “सुई टोचली की पोटभर जेवायचं. मला न विचारता यात बदल नाही. आणि विचाराल तेव्हा समोर येऊन विचारा.”

सांडूने मात्र कार्यक्रमाआधीच फ्लेक्स छापायला टाकला होता. एकट्या माणसाचा एवढा मोठा फोटो बघून छापणाऱ्याने हाताला सवय असल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना समया टाकल्या आणि वरून फुलं सोडली. खाली मजकूर होता: ‘आमचे लाडके रामकिसन भाऊ आता हलके झाले.’ तो फ्लेक्स सकाळीच कॉलनीच्या कोपऱ्यावर लागला. आदल्या संध्याकाळी रामकिसनला अँब्युलन्समधून नेताना तर सगळ्यांनी पाहिलंच होतं.

दुपारी नवरा-बायको रिक्षातून उतरले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, कॉलनी पाळीपाळीने डबा पुरवते, म्हणून शेजारच्या आवडाबाई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन पायरीवर बसल्या होत्या. रामकिसनला बघून त्यांचं रडणं मध्येच अडकलं.

“भाऊ... तुमी?”

“व्हय,” रामकिसन ओशाळून म्हणाला. “सोडलं दवाखान्यातून.”

रडून झालेल्या माणसांना घाईने आनंद होत नाही. मागोमाग आलेला सांडू फ्लेक्स काढायच्या निमित्ताने तिथून सटकला. मनकर्णाबाईंनी घड्याळ बघितलं, नवऱ्याला सुई दिली आणि आवडाबाईंच्या हातातला डबा घेऊन त्याच्यापुढे उघडला.

सगळ्या दुखवट्यासमोर मांडी घालून रामकिसन जेवला. शेवटची भाकरी मोडताना त्याने मान वर केली.

“आवडाबाई, उद्या डब्याची पाळी कोणाची हाय?”