बोगनवेलीवरची चादर

तुमच्या दारातलं झाड भरभरून फुललं, तर तुम्ही त्याचा फोटो काढाल की त्याच्यावर चादर टाकाल?

आमच्या उमेळे गावातले इनासकाका चादर टाकतात. डबल बेडची, निळ्या चौकड्यांची, चारी कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे. आत राणी रंगाची बोगनवेल. इतकी फुललेली की पान शोधावं लागतं. वारा आला की चादर उडते आणि काका बनियनवर धावत येतात. "लाज हाय का तुला? रस्त्यानं मानसं जातात!"

"लाज हाय का?" हे काका सगळ्यांना विचारतात. उशिरा येणाऱ्या बसला, करपलेल्या पावाला, वाडीचा भाव विचारायला आलेल्या बिल्डरच्या माणसाला. तो मात्र चहा पिऊन, "परत येतो" म्हणून गेला.

मी गावातली झाडं वाचवायची पत्रकं लिहिते. नव्या पत्रकावर मला त्या वेलीचा फोटो हवा होता. परवा मी चादरीचा एक चिमटा काढला, तर काका कोयता घेऊनच बाहेर आले.

"काय गं पत्रकवाले, फोटो कसला काढतेस? रविवारच्या आत तोडनार हाय मी तिला."

रविवारी फिलूकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, जाऊन वर्ष होतं; चर्चमध्ये त्यांच्यासाठी वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना आहे. सगळे नातेवाईक येणार.

मी पेटलेच. "काका, तुम्ही लोकांना घाबरता! दुखवट्याच्या घरात रंग नको, हा कुठला नियम? फुलांनी काय काळे कपडे घालायचे? हा अन्याय आहे!"

"झालं भाषन? टाळ्या वाजवू?"

काकांनी कोयता कुंपणाला टेकवला आणि पायरीवर बसले.

"बोगनवेलीला पानी नाय मिळालं की ती फुलते, पोरी. फिलू सकाळ-संध्याकाळ बादली ओतायची. नुसती पानं यायची. मी हसायचो तिला. आता बघ. माझे मेव्हणे शेतकरी मानसं. गेटातूनच समजतील, बहीन गेल्यापासून इथं कोनी पानी घातलं नाय."

"मग घाला ना पाणी!"

"नळाजवळ जातो गं. बादली भरतो पन." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ते तिचं काम होतं. मी घातलं म्हंजे ती आता घालनार नाय, असं होईल."

पावसाळा सरल्यापासून मी रोज चादरीबाहेर आलेल्या या फुलांचं कौतुक करत त्याच गेटावरून जात होते. एकदाही आत डोकावले नव्हते. काकांच्या पायरीवर मला माझाच आवाज ऐकू यायला लागला, आणि कुठे बघावं कळेना.

नळाखाली बादली भरलेली होती. मी उचलली. काकांनी मान फिरवली, पण अडवलं नाही. फक्त म्हणाले, "मुळाशी ओत. पानांवर उडवलेलं फिलूला आवडायचं नाय."

रविवार अजून यायचा आहे आणि कोयता अजून कुंपणालाच टेकलेला आहे. रोज मीच गेले तर फिलूकाकूंचं काम माझं होईल आणि काका चिडतील, म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. उमेळ्याकडून जात असाल तर थांबा. गेट उघडंच असतं, बादली भरलेली असते. ती वेलीच्या मुळाशी ओता. आणि काका बाहेर येईपर्यंत निघून जाऊ नका.