घाटंजी ते अनुराधपूर, सातची मोटार

प्रवासाची योजना आखण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. हे मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगत नाही. माहेरी यवतमाळला जायचं असलं, तरी मी तीन दिवस आधी कागद घेऊन बसते. विशाखा झाल्यापासून तर मला कागदाची मागची बाजूही पुरत नाही. दीड वर्षाचं मूल घेऊन निघायचं म्हणजे पाणी किती उकळायचं, मोटार बंद पडली तर कोणत्या झाडाखाली बसायचं, आणि त्या झाडावर माकडं असली तर कुठे बसायचं, हे सगळं आधी ठरलेलं बरं.

आमचे हे, म्हणजे बळीराम, हायस्कुलात भूगोल शिकवतात. ते म्हणतात, "सरकारला पंचवार्षिक योजनेला लागला नसेल इतका कागद तुला यवतमाळला लागतो." मी लक्ष देत नाही. ज्याच्या पिशवीत ग्राइप वॉटरची बाटली कधी फुटली नाही, त्याने योजनांबद्दल बोलू नये.

तर बासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी आयुष्यातली सर्वांत मोठी योजना आखली. मोटारीने सिलोन, आठ दिवसांत! जायचं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते मला कोणालाच सांगता आलं नाही.

झालं असं. माझे सासरे देवराव, ज्यांना मी मामाजी म्हणते, छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हाच वाचायला शिकायचं ठरवून आले होते. वावरातून फुरसत मिळायला त्यांना पाच वर्षं लागली. साठीला टेकले तेव्हा कुठे माझ्यासमोर पाटी घेऊन बसले. अक्षरं भराभर आली, पण पहिलीच्या पुस्तकावर ते रुसले.

"कमळ पाह्य, बदक पाह्य," ते म्हणाले. "आता बदक पाहून मी काय करू, सूनबाई? मले काही कामाचं दे वाचाले."

त्याच आठवड्यात विहारात एक भन्ते येऊन गेले होते. त्यांनी सिलोनचं वर्णन केलं. एवढासा देश, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घनदाट जंगल, मोटारीने आठ दिवसांत सगळा पाहून होतो, आणि अनुराधपूरला बोधिवृक्ष, बुद्धगयेच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला. तोवर सिलोन म्हणजे रेडिओतलं गाव एवढंच आमच्या वस्तीला ठाऊक होतं. मामाजी दोन दिवस त्या झाडाबद्दलच बोलत राहिले. मला वाटलं, हाच धडा करावा.

मी यांचा नकाशा उघडला, विशाखाच्या झबल्याच्या दोऱ्याने अंतरं मोजली आणि मामाजींना चष्म्याशिवाय दिसावं म्हणून हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या अक्षरांत चार पानं लिहून काढली. एकदा लिहायला बसल्यावर माझा हात आवरत नाही. जळवांसाठी मीठ, तापासाठी गोळ्या, पाण्याला दोन सुरया. एक कलम हत्तीचं होतं. हत्ती दिसल्यास मोटार थांबवावी, भोंगा वाजवू नये, विशाखाला डाव्या हातावर घ्यावे. डाव्याच का, ते आता आठवत नाही. तेव्हा कारण होतं.

मामाजींनी ती पानं महिनाभर वाचली. जेवताना वाचली, बैलाला पाणी दाखवताना वाचली. मी मनात खूश होते.

आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाली की कोणीतरी काहीतरी वाचून दाखवायचं, असा रिवाज आहे. बहुधा आमचे हेच वाचतात. त्या रविवारी मामाजी उठले. मला वाटलं, कंदिलाची वात सारखी करायला उठले असतील. त्यांनी कोपरीच्या खिशातून चार पानं काढली आणि नाल्यातल्या दगडांवर पाय ठेवत जावं तसा एकेक शब्द टाकत वाचायला लागले.

"वैशाखी पौर्णिमा. सकाळी. सातच्या. मोटारीने. घाटंजीहून. निघणे."

मी विशाखाला पदराखाली घेतलं. खरं तर मलाच पदराखाली जायचं होतं.

अर्धा तास ते वाचत होते. हत्तीच्या कलमाला बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. शेवटचा शब्द संपला तेव्हा टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. शेजारच्या कांताबाई डोळे पुसत होत्या. ही योजना खरी का, असं एकानेही विचारलं नाही. देवरावांनी कागदावरचं वाचलं होतं, आणि कागद शिकलेल्या सुनेने लिहिला होता. आणखी काय पाहिजे?

घरी येताना मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, योजना तुझी, तू सांग. मी धीर करून मामाजींकडे गेले. ते खाटेवर कागद मांडीवर घेऊन बसले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "एकबी अक्षर अडलं नाही."

मी विचारलं, भाकर वाढू का.

मी काय सांगणार होते? ह्या माणसाने जन्मात पहिल्यांदा चारचौघांत उभं राहून काही वाचलं होतं. ते खोटं होतं, हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांचं हसं होईल इतकीच माझं हसं होईल, हीही भीती मला होती, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी कांताबाई फडक्यात बांधलेली मूठभर माती घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्यानं तं येणं होत नाही. आमच्या दाराची माती तरी जाऊ द्या त्या झाडापाशी." मी नको म्हणायच्या आत मामाजींनी पुरचुंडी घेऊन कोनाड्यात ठेवली. आठ दिवसांत कोनाडा भरला, मग टोपली भरली. एकेचाळीस घरं, एकेचाळीस पुरचुंड्या. विहाराच्या मंडळाची सभा भरली आणि निरोप कसा द्यायचा यावर दोन तास चालली. नारळ द्यायचा नाही, कुंकू लावायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. मग करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी सर्वांनी मोटारस्टँडवर पांढरे कपडे घालून यायचं ठरलं. म्हणजे काही कारण काढून घरीच राहायचा रस्ताही बंद झाला.

मामाजींनी वीस वर्षं ज्यांचं वावर केलं, ते किसनराव पाटील एकदा दारावरून जाताना म्हणाले, "देवराव, लंकेले चाल्ला म्हणते. मारुतीसारका उडून जातं काय?" मामाजी म्हणाले, "नाही जी. सातची मोटार हाय." किसनराव हसत गेले. संध्याकाळी त्यांच्या गड्याने एक पुरचुंडी आणून दिली. आत काळी माती होती, त्यांच्या वावरातली. झाल्या बेचाळीस.

पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा यांनी तोड काढली. सातची मोटार जाते पांढरकवड्याला. तिथून पुढे झरीला यांची बहीण इंदूबाई राहते. जंगल आहे, ऊन आहे, आठ दिवस तिकडे काढू. मामाजींना काय ते तू वाटेत सांग. वाटेत सांगायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

पौर्णिमेला स्टँडवर सगळी वस्ती पांढरीशुभ्र उभी होती, कापसाचा ढीग लोटल्यासारखी. मोटार निघायच्या आत कंडक्टर उत्तमसिंग तिकिटांची पेटी घेऊन आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

"कहां का देऊ?"

खिडक्यांतून पन्नास माना आत आल्या. हे बाहेर बघायला लागले. मी विशाखाच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

मामाजी शांतपणे म्हणाले, "आत्ता पांढरकवड्याचं दे. पुढचं पुढं पाहू."

मोटार सुटली. मी पांढरकवड्यापर्यंत सांगितलं नाही, दुसऱ्या मोटारीत सांगितलं नाही, आणि शेवटच्या छकड्यात विशाखा उलट्या करत होती. उलट्यांचं कलम योजनेत होतं. लिंबू मात्र घरी राहिलं होतं.

झरीला तेंदूपत्त्याचा हंगाम होता. इंदूबाईच्या अंगणात पानांचे पुडे बांधणं चाललं होतं. आम्हाला पाहून ती एवढंच म्हणाली, "कागद न लिहिता कशी आली व, वयनी?"

सकाळी उठून पाहते तो मामाजी आणि टोपली दोन्ही नाहीत. विशाखाला कडेवर घेऊन मी नाल्याकडे धावले. तिथे एक जुना पिंपळ आहे. मामाजी खाली बसून एकेक पुरचुंडी सोडत होते आणि ज्याची त्याचं नाव घेऊन माती मुळाशी टाकत होते. किसनरावांची शेवटी होती. ती टाकून त्यांनी हात झटकले.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तो धडा होता, जायचं कधीच नव्हतं, माझं चुकलं.

"मले मालूम हाय," मामाजी म्हणाले. "पयल्याच दिवशी समजलं. चार पानांत हत्ती हाय, जळू हाय, समुद्र कुठीच नाही."

मी मनात चारही पानं उलटून पाहिली. खरंच नव्हता. घाटंजीहून निघालेली माझी मोटार थेट कोलंबोला पोचत होती!

"मग विहारात काहून वाचलं तुम्ही?"

"अक्षर मोठं होतं," ते म्हणाले. "बाकीच्या पुस्तकाचं लय बारीक असते."

"आणि ही माती? लोकांनी अनुराधपूरसाठी दिली होती."

त्यांनी पिंपळाकडे पाहिलं. "भन्तेनं सांगतलं ना, तिथंबी फांदीच नेऊन लावली म्हणून. मंग हे त्याच्याच घरचं."

परतल्यावरच्या रविवारी मामाजी पुन्हा उभे राहिले. ह्या वेळी कागद त्यांनी स्वतः लिहिला होता. "आमी झरीले गेलतो. माती पिंपळाले देल्ली. समुद्राचं कलम राह्यलं. ते लिहून झालं की पुढं जाऊ."

मग कांताबाईंनी विचारलं, हत्ती दिसला काय.

"नाही," मामाजी म्हणाले, "पण सूनबाई तयार होती."

ते हसू अजून वस्तीत पुरतं संपलेलं नाही. योजना मी अजूनही आखते. फक्त आता अक्षर बारीक काढते.