सासरेबुवा आढं होतात

"जावईबापू, सरळ चालत जायचं. समोर उंच आसन येतं. तिथं गुडघे टेकायचे आणि शपथ म्हणायची. यात चुकण्यासारखं काही नाहीच," सासरेबुवा म्हणाले. पण चुकण्यासारखं काही नसेल तिथंच चुकण्यात त्यांच्या जावयाचा हात धरणारा कोणी नव्हता.

जावई चष्मेवाला, सासरेबुवा दातांचे निवृत्त डॉक्टर आणि मंडळ गवंड्यांचं. शेकडो वर्षांपूर्वी गवंड्यांनी एकमेकांना आधार म्हणून हे बंधुमंडळ काढलं होतं. आता त्यात औषधवाले होते, वकील होते, विमावाले तर पैशाला पासरी होते. गवंडी तेवढा एकही नव्हता. परंपरा मात्र शाबूत होती. नवा आलेला तो उंबरठा. मग भिंत, मग खांब आणि शेवटी छपराच्या माथ्यावरचं आढं. त्याच्याही वर थोरले बंधू. सगळं मंडळ ज्याच्यापुढे गुडघे टेकतं, तो थोरला.

नवा बंधू आणल्याशिवाय खांबाला आढं होता येत नसे, आणि हल्ली नवी माणसं मिळतात कुठं? सासरेबुवा निम्मं आयुष्य खांबच राहिले होते. लेकीला मागणी आली तेव्हा त्यांनी मुलाच्या पगाराची चौकशी केली नाही, गुडघे नीट वाकतात का एवढंच विचारलं.

आणि आज तो दिवस आला होता. नव्या माणसाच्या अंगावर धातू नको म्हणून दारातच जावयाचा चष्मा काढून घेतला. चष्म्याशिवाय त्याला बायको आणि कपाट यांतला फरक आवाजावरूनच कळे. तरी सभागृहात पाऊल टाकताच त्याच्या अंगावर काटा आला. उंच दिव्यांचा धूसर उजेड, जुन्या लाकडाचा वास, झगे घातलेल्या माणसांची शांतता. मखमली उशीवर ओळंबा होता, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीला बांधलेलं वजन. सगळे त्या ओळंब्याला वाकले, तसा जावईही वाकला. एवढ्या जुन्या गोष्टीत आपल्यालाही जागा मिळतेय, या विचाराने तो आणखी थोडा वाकला.

मग रीतीप्रमाणे त्याला तीनदा गोल फिरवून सोडून दिलं. इथून पुढे नव्याला कोणी हात लावायचा नाही, टोकायचं नाही. टोकलं की सोहळा मोडला. उलट तो जाईल तिकडे सगळ्यांनी मागोमाग जायचं, तो करील ते करायचं. आपणही कधी नवे होतो, ही त्यातली आठवण.

जावई सरळ चालत गेला. सरळ म्हणजे मागच्या दारातून बाहेर आणि बोळ ओलांडून शेजारच्या सलूनमध्ये. सासरेबुवांनी ओठ दाताखाली धरले. एक शब्द बोलले असते तर जन्माची बढती गेली असती. तेही निघाले, त्यांच्यामागे थोरले बंधू, आणि झगे सावरत, कमरेच्या चांदीच्या थाप्या सांभाळत सगळं मंडळ.

जावयाला समोर उंच आसन दिसलं. त्यावर पांढऱ्या वस्त्रातली, पांढऱ्या दाढीची मूर्ती. त्याने भक्तिभावाने गुडघे टेकले. मागे सगळ्या मंडळाने टेकले.

"माझे हात तुमच्या कामाला वाहिले. स्वीकारता?"

गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा होता. नाही म्हणून मान हलवणं परवडणारं नव्हतं.

"हं," गिऱ्हाईक म्हणालं.

"नियमात बसतं," मागून आतापर्यंतचे थोरले बंधू पडेल आवाजात पुटपुटले. ते वकील होते.

सासरेबुवा गुडघ्यांवरच पुढे सरकले. "थोरले बंधू, नवा बंधू मी आणलाय. मला आढं करता?"

वस्तरा अजून तिथंच होता. "हं."

सासरेबुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सलूनवाल्याने फेस पुसला. गिऱ्हाइकाने सगळ्यांच्या थाप्या पाहिल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "कामाला आलात होय? मग आधी नाही का सांगायचं! मी गवंडीच आहे, माणसं कमी पडतायत. उद्या सकाळी या."

थोरल्या बंधूंची आज्ञा. सकाळी सगळे कामावर गेले. जावई चुना कालवत होता. आढं झालेल्या सासरेबुवांनी मोठ्या मानाने स्वतः भिंत रचली. दुपारी गवंड्याने तिच्या कडेला ओळंबा सोडला. मंडळ श्वास रोखून बघत राहिलं. ज्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या वाकले, तो लोंबताना आज प्रथमच दिसत होता. दोरी हलली, डोलली आणि स्थिर झाली. सासरेबुवांनी हात जोडले.

"भिंत पोट काढून उभी आहे," गवंडी म्हणाला. "कुणी रचली?"

"मी. आढं."

"ते असू दे. ही पाडा आणि उद्यापासून त्या चुनावाल्याला पाणी आणून द्या."

थोरल्या बंधूंच्या शब्दावर अपील नसतं. पण उंबरठ्याच्या खाली मंडळात जागाच नव्हती. सासरेबुवांसाठी ती नवी काढावी लागली.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "झालं का बाबांच्या मनासारखं? कुठवर पोचले?"

सासरेबुवा आत अंघोळीला गेले होते. तरीही जावई अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझ्या हाताखाली."