डोकी बरोबर चार

जावईबापूंनी आरशात बघून डोकी मोजली. स्वतःचं धरून बरोबर चार. शंकेला जागाच नाही म्हणताना त्यांनी गाडी सुरू केली.

हा माणूस अकरा वर्षं परक्या देशात पुलांची तपासणी करत होता. खांबाला केसाएवढी भेग असली तरी ती ह्यांच्या नजरेतून सुटायची नाही, आणि फ्रिजमध्ये नाकासमोर ठेवलेलं लोणी मात्र बायकोनं काढून हातात दिल्याशिवाय सापडायचं नाही. मोजण्याची हौस भारी. बॅगा मोजायच्या, पाण्याच्या बाटल्या मोजायच्या आणि निघताना डोकी मोजायची. आजची सहल तर खास होती. सहा महिने राहायला आलेल्या सासूबाई सोमवारी परत जाणार होत्या. त्यांना पानगळीतले लाल-पिवळे डोंगर दाखवायचेच, असं जावईबापूंनी मनावर घेतलं होतं.

सामान चढवायला दोन पोरं आली होती. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर नावाची पट्टी. विशीतले धर्मप्रचारक, घरदार सोडून दोन वर्षं परमुलुखात दारोदार फिरणारे. पाच महिन्यांपूर्वी ते सासूबाईंना धर्म शिकवायला म्हणून आले आणि तिथंच फसले. सासूबाई चौतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. शिकवायला आलेल्याला काही शिकवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असा त्यांचा खाक्या. दर बुधवारी पोरं यायची. धर्म तिसऱ्या पानावर अडकला तो अडकलाच, पोरं मात्र मराठीत निबंध लिहायला लागली. सासूबाईंनी त्यांची नावंही ठेवली होती, थोरला आणि धाकटा.

ह्या पोरांचे नियम म्हणजे काही विचारू नका! जोडीदाराला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही. गावाची हद्द मिशनच्या मोठ्या साहेबांच्या परवानगीशिवाय ओलांडायची नाही. धाकटा ह्या बाबतीत जरा वेंधळाच. दोनदा चुकला, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा चुकलास की थेट घरी." त्याची दोन वर्षं संपायला पाच आठवडे राहिले होते. घरून निघताना त्याला निरोप द्यायला अख्खा गाव जमला होता म्हणे, आणि आई तर कागदावर रोज एकेक दिवस खोडत बसलेली.

आता त्या सकाळी झालं काय, की धाकटा सामान रचायला गाडीच्या मागच्या सीटवर घुसला. तो सारखा शिंकत होता, म्हणून सासूबाईंनी आपली शाल त्याच्या डोक्यावरून गच्च गुंडाळली आणि त्या स्वतः गॅस बंद आहे का ते तिसऱ्यांदा बघायला आत गेल्या. त्यांची पर्स सांभाळत थोरला दारात उभा. इकडे जावईबापूंनी दारं लावली, आरशात शालीतलं डोकं मोजलं आणि फर्मान काढलं, "महामार्गाला लागेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही!"

त्यालाही कारण होतं. गेल्या वर्षी बायको आणि मुलगी खिडकीवरून भांडत बसल्या, त्या गडबडीत वळण चुकलं आणि पानगळीऐवजी सगळ्यांनी दोन तास सिमेंटचा कारखाना बघितला होता. आताचं फर्मान ऐकून बायको रुसून डोळे मिटून बसली, मुलीनं कानात गाणी घातली आणि गाडी सुसाट निघाली.

अर्ध्या तासानं जावईबापू प्रसन्न होऊन म्हणाले, "हं, आता बोला."

मागून आवाज आला, "माननीय काका, माझी एक नम्र विनंती आहे."

"आई, तुमचा घसा बसला का हो?"

मुलीनं मागं वळून बघितलं. "बाबा," ती म्हणाली, "आजीनं टाय घातलाय."

बायको किंचाळली. गाडी दोन रेघांच्या मधून एक झोला घेऊन परत सरळ झाली.

"अरे, तू बोलला का नाहीस?" जावईबापू ओरडले.

"आपण सांगितले होते, चकार शब्द काढू नये. प्रथम मला वाटले, गाडी फक्त कोपऱ्यापर्यंत नेत आहात. नंतर पूल आला." धाकट्यानं डोक्यावरची शाल काढली. "पूल ही आमची हद्द आहे, काका."

"अहो, माझ्या आईला तुम्ही घरी विसरलात!" बायको म्हणाली. "जिच्यासाठी एवढा घाट घातला तिलाच!"

"डोकी चार होती गं. मी मोजली ना!"

"डोकी मोजलीत, माणसं कधी बघणार?"

बायकोनं फोन लावला. पलीकडे सासूबाई अगदी निवांत होत्या.

"निघालात होय? मला वाटलं, गाडीत हवा भरायला गेलात. बरं ऐका, इथं एक घोळ झालाय. धाकटा दिसेना म्हटल्यावर थोरल्यानं साहेबांना फोन लावला. चूक झाली की तासाभरात कळवायची असा ह्यांचा नियम आहे म्हणे. मी हातातून फोन काढून घेईपर्यंत पोरगा सगळं सांगून मोकळा! साहेब बायकोला घेऊन निघालेत. आम्हाला तुमच्यापर्यंत आणतील, आणि धाकट्याला आजच संध्याकाळच्या विमानात बसवतील."

परत फिरावं तर पुढचा फाटा बावीस किलोमीटरवर, आणि रस्त्यावर पानं बघायला निघालेल्यांची ही रांग. शेवटी गाड्या थांबवायची एक जागा आली. तिथंच सगळ्यांची गाठ घालायची ठरली.

धाकटा एका बाकावर बसला. शालीची घडी घालायचा, मोडायचा, परत घालायचा. भोवती झाडं अशी पेटली होती की डोळे दिपावेत, पण त्यानं मान वर केली नाही.

"आईला मी काय सांगू, काका?" तो हळूच म्हणाला.

चूक सगळी आपली आणि शिक्षा ह्या लेकराला! जावईबापूंना भारी लाज वाटली. पण इंजिनिअरच तो, लाज वाटली तरी हात कागदाकडेच गेला. त्यांनी वहीत गाडीची आकृती काढली. कोण कुठं बसलं होतं, आरसा किती अंशात होता, शालीमुळं काय झाकलं गेलं, सगळं बाण काढून दाखवलं.

"नकाशे कसले काढताय?" बायको म्हणाली. "सरळ पाय धरा त्यांचे."

तासाभरानं साहेबांची मोठी काळी गाडी येऊन थांबली. पुढून साहेब उतरले, उंचेपुरे, कडक इस्त्रीचे. त्यांच्या शेजारून थोरला उतरला. वाटेत चांगलीच झाडाझडती झालेली दिसत होती, कारण कान लालभडक झाले होते. मागच्या दारातून सासूबाई सावकाश उतरल्या आणि झाडं बघत उभ्या राहिल्या.

जावईबापूंनी वही पुढं केली. "साहेब, चूक सर्वस्वी माझी आहे. ह्या आकृतीत बघा, हा आरसा..."

साहेबांनी आकृतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चूक कुणाची हा प्रश्नच नाही," ते गरजले. "जोडीदारावर नजर ठेवायची, एवढंच ह्यांचं काम. एवढंही जमत नसेल तर घरी जावं! आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. हजारो मैल प्रवास केला, पण मी हिला कधी घटकाभरही नजरेआड होऊ दिलं नाही. विचारा तिला!"

आणि बाईसाहेबांची साक्ष काढायला त्यांनी मोठ्या रुबाबात मागचं दुसरं दार उघडलं.

सीटवर एक कोट होता. कोटाच्या आत कुणी नव्हतं.

साहेबांनी कोट उचलून खाली बघितलं. मग गाडीच्या मागं जाऊन बघितलं. "ही कुठं आहे?"

"पेट्रोलपंपावर," सासूबाई म्हणाल्या. "कॉफी घ्यायला उतरल्या होत्या."

"अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही थोरल्याला जोडीदाराचं महत्त्व समजावत होता ना. थोरामोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालू नये."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी पाठ वळवली, पण आवाज यायचा तो आलाच. "हो... हो गं... नाही, वळून नाही बघितलं... चूक माझीच... हो, लगेच निघतो."

फोन ठेवून ते बराच वेळ कोटाची घडी घालत राहिले. त्यांनाही ती काही जमेना. धाकट्यानं पुढं होऊन अदबीनं कोट घेतला आणि नीट घडी करून दिली.

"अं..." साहेब खाकरले. "चुकून होतं असं कधीकधी. ही गोष्ट वर कळवण्याइतकी काही मोठी नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "कुठलीच. बसा रे दोघं गाडीत."

धाकटा धावत सासूबाईंकडे आला, शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला. डोळे पुसत पुसतच तो गाडीत शिरला. काळी गाडी आली होती त्याच्या दुप्पट वेगानं परत गेली.

जावईबापूंनी सुस्कारा सोडला. "सुटला बिचारा! पण काही म्हणा आई, त्या बाईसाहेबांना एकटं सोडून यायला नको होतं. परक्या ठिकाणी बिचाऱ्या घाबरल्या असतील."

"घाबरतात कसल्या!" सासूबाई म्हणाल्या. "चांगलं पुस्तक काखोटीला मारून उतरल्यात. म्हणाल्या, ह्यांनी आजवर अकरा पोरं अशी रडत घरी धाडली, बारावं मी जाऊ देत नाही. बाकी सगळं त्यांचंच डोकं हो. मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, मी कॉफीला आत गेले की तुम्ही ह्यांना नुसतं म्हणा, 'चला, सगळे बसले.'"