आकडा आधी कुणी सांगायचा?

मी नऊ लिहिलं, तिथून सगळं सुरू झालं.

झालं असं, की उत्तर टोकाच्या बर्फाळ मुलखातल्या आमच्या कौतोकेइनो गावच्या टेकडीवर रेनडियर पाळणाऱ्यांच्या संघानं एक मनोरा उभा केला. रेनडियरच्या गळ्यातले यंत्राचे पट्टे आपला ठावठिकाणा मनोऱ्याला कळवणार आणि मनोरा आम्हाला. पण मनोऱ्याला एका वेळी एकाचंच ऐकू येतं. म्हणून ज्याचे जितके पट्टे, तितक्या त्याच्या बोलायच्या पाळ्या. प्रत्येकानं फक्त आपला आकडा कळवायचा.

आता आमच्याकडे ‘तुमचे रेनडियर किती?’ असं विचारणं म्हणजे माणसाच्या खिशात हात घालणं. मी ‘आहेत थोडे’ असं लिहिलं, ते यंत्र घेईना. मग नऊ लिहिलं. (नऊ म्हणतोय म्हणजे नऊशे असतील, असं लोकांना वाटलं तर माझी हरकत नव्हती.) शेजारच्या नीलासनं सात लिहिले. बाकीच्यांनीही तीच तऱ्हा. पाळ्या मूठभर, पट्टे शेकड्यांनी. बिनपाळीचे पट्टे मध्येमध्ये बोलायला लागले आणि मनोऱ्याला कुणाचंच धड कळेना.

अशात माझ्या बायकोचा, एल्लेचा, पांढरा रेनडियर बेपत्ता झाला. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आणि तळ्यावरचा बर्फ मऊ पडलेला.

सगळे संघाच्या खोलीत जमलो. खरे आकडे दिले तर काम होईल, हे प्रत्येकाला पटत होतं.

“तू सांग आधी,” नीलास म्हणाला. “जनावर तुझ्या घरचं हरवलंय.”

“मी सांगायचं आणि तुम्ही गालात हसायचं?”

“तू सांगितलंस की लगेच सांगतो.”

“तेच मी म्हणतोय, तू सांगितलंस की लगेच.”

कॉफीची दुसरी किटली संपली. दाराशी उभी असलेली एल्ले पुढे आली.

“अहो, तो बुडेपर्यंत बसणार आहात का? सगळ्यांच्या पट्ट्यांच्या वाद्या मीच शिवल्यात. नीलासभाऊ, एकशे चाळीस. आन्देभाऊ, दोनशे सहा.”

ती सांगत गेली, माना खाली जात गेल्या.

“आणि आमचे एकवीस.”

सगळ्या माना वर झाल्या.

आकडे भरले. अर्ध्या तासात पांढरा सापडला, तळ्याच्या अलीकडेच चरत होता. एल्ले रडली, मीही थोडा. (माझं कारण वेगळं होतं.)

दुसऱ्या दिवशी नीलासच्या बायकोनं सुकवलेल्या मांसाची पिशवी आमच्या दारात ठेवली. मी म्हणालो, “परत देऊन ये.”

“राहू द्या,” एल्ले म्हणाली. “एकवीसवाल्यांनी परत द्यायचं नसतं.”